ओटीतले हरभरे

मला शाळेतली मुलं घाबरतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. कोलकात्यातल्या बालीगंजमधल्या या शाळेत मी चौदा वर्षं सहावी ते आठवीला गणित शिकवते आहे. नवऱ्याच्या बँकेने आम्हाला तीन वर्षांसाठी म्हणून इथे आणलं. पुढे त्यांच्या दोनदा बदल्या झाल्या, ते गेले, परत आले, मी मात्र हलले नाही. नोकरी बरी होती आणि माझ्या आवाजाची शाळेला सवय झाली होती. त्या आवाजामुळेच मुलांच्या सुरक्षिततेचं काम माझ्या गळ्यात पडलं असावं. एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं, आणि मी परत आले ती नाकाने कांदे सोलतच.

प्रिन्सिपल बाईंनी मला हिरव्या पुठ्ठ्याची एक वही आणि ती ठेवायला कुलपाचं कपाट दिलं. एखाद्या मुलाबद्दल काही खटकलं की त्या वहीत लिहायचं. त्याच दिवशी लिहायचं, मुलाने वापरलेलेच शब्द लिहायचे, खाली सही करून प्रिन्सिपल बाईंकडे न्यायचं, आणि पुढे कुणाला कळवायचं ते तिथे ठरवायचं. मुलाला "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. आपल्या मनाने घरी तर अजिबात सांगायचं नाही, कारण त्रास घरातल्या कुणाकडून होतोय ते आपल्याला माहीत नसतं. हे सगळं मी दर एप्रिलमध्ये, वर्ष सुरू होताना, साऱ्या शिक्षकांना उभं राहून सांगत असे. मध्ये कुणी फोन बघितला तर भर सभेत झापत असे. एका नव्या शिक्षिकेने एकदा मागून विचारलं होतं, "घरचे ओळखीचे असले तरी नाही सांगायचं?" मी म्हटलं, "ओळखीचे असले तर मुळीच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. किती छान बोलले होते मी.

ती मुलगी सहावीत माझ्या वर्गात आली. अकरा वर्षांची, अंगाने बारीक, दोन घट्ट वेण्या. आमच्या महाराष्ट्र मंडळातलीच. इथली मराठी माणसं मूठभर, कोण कुठल्या खात्यात आहे आणि कोणाची बदली कधी आहे ते सगळ्यांना पाठ. तिचे वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात मोठे अधिकारी. ही पाच वर्षांची असल्यापासून इथे, त्यामुळे हिचं मराठी अडखळत यायचं, मध्येच बंगाली शब्द घुसायचा. मंडळात ती मला मावशी म्हणायची. वर्गात पहिल्याच दिवशी हात वर करून म्हणाली, "मावशी, मला फळ्यावरचं दिसत नाही." चाळीस मुलं हसली. मी तिला उभं केलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "मावशी मंडळात. इथे मी मिस. लक्षात राहील?" तिच्या ते फार नीट लक्षात राहिलं.

तिचे वडील म्हणजे मिशा आणि आवाज. गणपतीत मंडपवाल्याच्या अंगावर असे धावून गेले होते की तो बिचारा बांबू टाकून पळाला. बायको त्यांच्या अगदी उलट. हळू बोलणारी, कोणाचं दुखलंखुपलं तर डबा घेऊन दारात हजर, मंडळात भजन म्हणायला लागली की बायका पदर डोळ्याला लावायच्या. आम्ही सगळ्या आपसात म्हणायचो, त्या माणसाशी कसा संसार करते कोण जाणे, देवमाणूस आहे. मी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. ती मला ताई म्हणायची आणि मला ती माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा जवळची वाटायची, कारण बहीण उलटून बोलते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या पीटीच्या बाई मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसल्या. हावड्याहून रोज लाँचने नदी ओलांडून येतात, बोलणं कमी, डोळे तेज. म्हणाल्या, "दीदी, तुमची ती मुलगी वज्रासनात बसत नाही. तीन आठवडे बघतेय. बाकी सगळं करते. गुडघे जमिनीला लावायची वेळ आली की पाणी प्यायला जाते. तुम्ही बघा." मी म्हटलं, बघते.

ग्रंथालयाशेजारी एक छोटी खोली आहे, जुन्या नकाशांची. तिथे मी तिला बोलावलं. पंखा कुरकुरत होता. मी सरळ विचारलं, "गुडघ्यांना काय झालंय?" ती म्हणाली, "काही नाही, मिस." मी गप्प बसले. प्रशिक्षणात शिकवलं होतं, गप्प बसा, मूल बोलतं. ते खरं निघालं. तिने स्कर्ट बोटभर वर केला. दोन्ही गुडघ्यांवर बारीक बारीक खळगे होते, काही जुने, काळसर झालेले, काही ताजे.

"हरभरे," ती म्हणाली. "त्याच्यावर बसायला लागतं, मिस. गुडघ्यांवर. गणित चुकलं की. एका चुकीला दहा मिनिटं."

"माझं गणित?"

तिने हो म्हणून मान हलवली. माझ्या लाल फुल्या. मी चुकलेल्या गणितावर मोठी फुली मारते, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे मुलांना चांगली आठवण राहावी. शिवाय वर आकडा लिहिते, आज किती चुका ते. घरी कोणाला मोजायचे कष्ट पडायला नकोत अशी सोयच मी करून ठेवली होती.

मी एक शब्द विचारायचा होता. कोण. एवढाच. तो मी विचारला नाही. मला ठाऊक होतं ना, मिशा आणि आवाज. ज्या गोष्टीबद्दल खात्री असते ती माणूस विचारत नाही, आणि मला तर सगळ्याच गोष्टींबद्दल खात्री असते.

"घरी सांगू नका, मिस," ती म्हणाली. "प्लीज, मिस. घरी नको."

आणि मी, जी दर एप्रिलमध्ये उभी राहून सगळ्यांना शहाणपण शिकवते, मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "नाही सांगणार कोणाला, बाळा. मावशीवर विश्वास ठेव." ती जरा मागे सरकली, डोळे पुसून, वेण्या पुढे घेऊन वर्गात गेली. मला वाटलं लाजली.

हिरवी वही मी त्या दिवशी काढली होती. तारीख घातली. मग पेन हातात धरून बसून राहिले. लिहिलं की प्रिन्सिपल बाई, मग बाहेरची माणसं, मग चौकशी. सरकारी नोकरीतला माणूस, दारात पोलीस, क्वार्टरमध्ये बोभाटा, मंडळात तोंड दाखवायला जागा नाही. त्याच्या बायकोचं काय होईल? आपल्यातलं घर आहे, आपण जरा हळुवारपणे मिटवू, असं मला वाटलं. बंगाली किंवा मारवाडी मुलगी असती तर मी पाच मिनिटांत लिहून मोकळी झाले असते, आणि वर त्या घराला चार शिव्या दिल्या असत्या. मी तारखेवर काट मारली आणि कपाटाला कुलूप लावलं. पीटीच्या बाईंनी संध्याकाळी विचारलं, "लिहिलंत?" मी म्हटलं, "हो, बघितलं मी. कातडीचा त्रास आहे, औषध चालू आहे." त्या म्हणाल्या, "मग ठीक." माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

त्याच शनिवारी मुलीच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी असतं. छोट्या पितळी झोपाळ्यात गौर, समोर पायऱ्यापायऱ्यांची आरास, कैरीची डाळ, पन्हं, कलिंगड. शेजारच्या दोन बंगाली बायकाही नटून आल्या होत्या. मुलगी परकर-पोलकं घालून अत्तर लावत फिरत होती. प्रत्येक बाईच्या मनगटाला अत्तर लावायचं आणि वाकून नमस्कार करायचा. कंबरेतून वाकत होती, गुडघे ताठ. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि माझा निश्चय पक्का झाला. माझ्याजवळ आली तेव्हा तिने मावशी म्हटलं आणि अत्तर लावताना माझ्याकडे बघितलं. तो प्रश्न होता. मी हसून तिच्या गालाला हात लावला, म्हणजे काळजी करू नकोस, मी आहे.

मग मी स्वयंपाकघरात गेले. मुलीची आई एकटीच होती, पन्ह्याचे पेले भरत होती. मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. खळगे, हरभरे, एका चुकीला दहा मिनिटं, पीटीच्या बाईंनी कसं हेरलं ते, मुलीने मला नकाशांच्या खोलीत कसं दाखवलं ते. काही म्हणजे काही ठेवलं नाही. शेवटी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला तूच आवर, बाई. माझ्या हातात आहे तोवर मी हे बाहेर जाऊ देणार नाही. पण त्याला आवर."

तिने पेला खाली ठेवला. मग तिचे डोळे भरले. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, किती बरं झालं तुम्ही मलाच सांगितलंत. दुसऱ्या कोणाला नाही ना बोललात?"

"कोणाला नाही," मी म्हटलं.

"मी बघते," ती म्हणाली. "आता माझ्यावर सोडा."

माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या खोलीत येऊन तिने मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. चैत्रगौरीला ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरतात. मोठ्या पातेल्यात ते टपोरे, फुगलेले होते, ती ओंजळीने घालत होती, एक ओंजळ, दुसरी, तिसरी. "ताईंना जरा जास्त," म्हणाली. मुलगी अत्तरदाणी घेऊन दारात उभी होती. ती आईच्या ओंजळीकडे बघत होती, मग माझ्या पदराकडे, मग माझ्या तोंडाकडे. तिला तेव्हाच कळलं असणार. मला नाही कळलं. मी घरी आले आणि त्या हरभऱ्यांची उसळ केली. ओलं खोबरं घालून. ह्यांनी दोनदा वाढून घेतली.

सोमवारी मुलगी आली नाही. मंगळवारीही नाही. आठ दिवसांनी आली ती पांढरे जाड मोजे घालून, मांडीपर्यंतचे, कोलकात्याच्या एप्रिलअखेरीच्या घामात. बरोबर डॉक्टरची चिठ्ठी. गुडघ्याच्या सांध्याचा त्रास, वर्षभर व्यायामातून सूट. पीटीच्या बाईंनी चिठ्ठी फायलीत लावली. म्हणजे त्या मुलीचे गुडघे शाळेत ज्या एका बाईला दिसत होते, तिच्यासमोरून ते काढून घेण्यात आले. ते कसं करायचं, कोणापासून लपवायचं, हे स्वयंपाकघरात उभं राहून मीच समजावून सांगितलं होतं. अर्थात हे आज म्हणतेय. तेव्हा मी म्हटलं, वा, आई काळजी घेतेय.

मुलगी माझ्याशी मराठीत बोलायची थांबली. शाळेत ती बोलतच नव्हती फारशी, पण जिन्यात भेटली तर हळूच "येते हं" म्हणायची. आता "गुड मॉर्निंग, मिस" आणि नजर खाली. मी मनाशी म्हटलं, बापाची भीती जायला वेळ लागतो. आणि माझ्या परीने मदतही सुरू केली. काय केलं सांगते. तिची चुकलेली गणितं मी बरोबर द्यायला लागले. चूक दिसायची, तरी बरोबरची खूण करायचे, आणि वर आकडा शून्य. चौदा वर्षांत मी असं कधी कोणासाठी केलं नव्हतं. स्वतःबद्दल मला भरून येत होतं.

तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मिस, हे चुकलंय," म्हणाली. "ह्याला क्रॉस द्या ना."

"असू दे. छोटी चूक आहे."

"नाही मिस, प्लीज. तुम्ही क्रॉस द्या." तिने त्या खुणेवर बोट ठेवलं.

मी वही मिटून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, जा, जागेवर बस. वर्ग बघत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी वह्यांचा गठ्ठा आला. तिच्या वहीत मी आधी तपासलेल्या एका पानावर पिवळी चिठ्ठी होती. वळणदार, सुंदर अक्षर. मराठीत, म्हणजे स्टाफरूममधल्या दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. "ताई, चौथं आणि सातवं गणित चुकलंय. तुमच्या नजरेतून सुटलं असेल. मी घरी करून घेतलंय. पुढच्या वेळी तुम्हीच फुली मारा म्हणजे तिला दुप्पट बसायला लागणार नाही."

मुलीचे वडील तीन आठवडे दिल्लीत होते. हे मला माहीत होतं, ह्यांनीच सांगितलं होतं, मंडळाची सभा त्यासाठी पुढे गेली होती. ते नसताना घरी कोण करून घेत होतं ते समजायला गणिताच्या बाईची गरज नव्हती. मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. कुठे राग नव्हता, लाज नव्हती. अगदी मैत्रिणीने मैत्रिणीला लिहावं तशी होती. ती मला आपल्यातलीच धरून चालली होती. आणि का धरू नये? मीच तर तिला म्हटलं होतं, बाहेर जाऊ देणार नाही.

इथपर्यंतचं सगळं मूर्खपणात मोडतं. मूर्खपणा माणसाच्या हातून होतो. पण यापुढे मी जे केलं त्याला तो शब्द नाही लावता येत. मी कपाट उघडलं, हिरवी वही काढली. लिहायचं तर एप्रिलपासून लिहावं लागणार होतं. मुलीने मला कधी सांगितलं, मी ते कोणाला सांगितलं, पीटीच्या बाईंना काय थाप मारली. प्रत्येक ओळीत मी. साऱ्या शाळेला धाकात ठेवणारी मी. मी विचार केला, उद्यापासून सुट्टी आहे, प्रिन्सिपल बाई दार्जिलिंगला निघाल्यात, शाळा उघडली की शांतपणे लिहू. वही आत, कुलूप, किल्ली पर्समध्ये. एका चुकीला दहा मिनिटं, आणि मी दीड महिन्याची सुट्टी घेतली.

सुट्टीत मी आमरस केला, पडदे धुतले, पुण्याला जाऊन आले. रोज आठवण यायची असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, रोज नाही यायची.

जूनमध्ये ह्यांनी बातमी आणली, मुलीच्या वडिलांची नागपूरला बदली झाली. वडील आधीच जाऊन रुजू झाले, सामानाचा ट्रक गेला, आता आई आणि मुलगी दाखला घेऊन निघणार. बदलीवर जगणाऱ्या माणसांची एक सवय असते. शेजाऱ्याशी पटत नाही, छत गळतंय, तर म्हणायचं, जाऊ दे, दोन वर्षांत जायचंच आहे. कुठलंही दुखणं मुळापासून काढायचं नाही, बदलीपर्यंत काढायचं. मला तर ती बातमी ऐकून हलकं वाटलं. हलकं. हाच शब्द आहे. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. आता वही लिहायला नको.

शाळा उघडली त्याच दिवशी त्या मायलेकी आल्या. दुपारी दोनची गाडी होती. आई ऑफिसात दाखल्यासाठी बसली आणि मुलीला एक कागद घेऊन शिक्षकांच्या सह्या आणायला पाठवलं, वह्या-पुस्तकं परत केल्याच्या. ती स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तेच मोजे. दीड महिन्यात चेहरा लहान झाला होता.

मी मराठीत म्हटलं, "काय ग, आता नागपूर. मज्जा आहे. सगळी आपलीच माणसं तिथे."

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. मग हळू, एकेक शब्द जुळवत, मराठीत म्हणाली, "मी मिसला सांगितलं होतं."

मी पेनाचं टोपण काढलं.

"मावशीला नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "मावशी लोक सगळे आईचेच आहेत. म्हणून मी मिसला सांगितलं."

आणि कागद पुढे केला. "साइन हिअर, मिस." मी सही केली. गणिताची सगळी पुस्तकं परत मिळाली, कुठलीही बाकी नाही, असं छापलेलं होतं, त्याखाली. ती गेली. दोन मिनिटांनी आई दारात आली, माझ्या टेबलावर लाडवांचा डबा ठेवला, म्हणाली, "ताई, तुमचे उपकार विसरणार नाही." मुलीचा हात तिच्या हातात होता. मी उठून उभी राहिले, आणि म्हणाले काय तर, "सुखरूप पोचा."

त्या गेल्यावर मी वही काढली. साडेदहा वाजले होते. एक पान लिहायला मला तीन तास लागले, मध्ये दोन वर्ग घेतले, सातवीला अपूर्णांक शिकवले. मुलीचे शब्द जसेच्या तसे लिहिले. माझेही लिहिले. मी घरी सांगितलं, तेही. मी कोणाला सांगणार नाही असं वचन दिलं, तेही. पिवळी चिठ्ठी चिकटवली. सही केली, त्या दिवशीचीच खरी तारीख घातली आणि प्रिन्सिपल बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाल्या, "मुलगी तर आता आपल्या पटावर नाही. हे लिहिलंत, त्याने तिचं काय होणार आहे? तुमचं मात्र होईल." त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या. मीही कोणाच्या तरी भल्याचंच बघत होते एप्रिलमध्ये. मी म्हटलं, "होऊ दे."

पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये एक पोस्टर आहे, मुलांसाठी मदतीच्या फोनचं. मोठा नंबर, खाली हसणारी मुलं. मीच लावलंय ते, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, पातळी तपासून. त्या मुलीने वर्गात जाता-येता रोज बघितलं असेल. मी तिथेच उभं राहून तो नंबर फिरवला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून तरुण. बंगालीत विचारलं, मूल मुलगा की मुलगी, वय काय, काय झालंय. मी सांगत गेले. त्या लिहीत होत्या, मध्ये मध्ये थांबा म्हणत होत्या. दोनदा त्यांनी जरा मोठ्याने बोला म्हटलं, ज्या आवाजाला सगळी शाळा घाबरते त्याला.

"मुलगी आत्ता कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी घड्याळ बघितलं. सव्वादोन. "गाडीत. हावड्याहून सुटली आत्ताच. उद्या नागपूरला पोचेल."

"एकटी?"

"नाही. आईबरोबर."

"अच्छा, आई आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा सैल पडला. तो सैल पडलेला आवाज मी ओळखला. स्वयंपाकघरात पन्ह्याच्या पेल्यांसमोर उभं राहून मी त्याच आवाजात बोलले होते.

"लिहा," मी म्हटलं. "आईबरोबर आहे. बाकीचं राहू दे, आधी तेवढं लिहा."